हात न लावलेली गाडी

आमच्या ह्यांना सगळी गल्ली ‘खातरजमा’ म्हणते. तोंडावर नाही म्हणत, पण ह्यांना माहीत आहे. कोण म्हणतं, कुणाच्या दारात उभं राहून म्हणतं, म्हणताना हसतं की नाही, सगळं ह्यांच्या डोक्यात जमा असतं. मी बायको आहे, त्यामुळे मला काहीही म्हणायची मुभा आहे आणि मी म्हणतेच.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. दारू नाही, पत्ते नाहीत, अंगावर ओरडणं नाही. फक्त विश्वास नाही. कशावरच नाही. दाराला कुलूप लावलं की त्याला लोंबकळून बघणार, जिना उतरणार, आणि पुन्हा वर येऊन लोंबकळणार. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली की ती बरोबर आहे का ते औषधवाल्याला विचारणार, आणि औषधवाला खरं बोलला का ते पलीकडच्या औषधवाल्याला विचारणार. लेक झाली तेव्हा दवाखान्यात पाळण्यापाशी खुर्ची टाकून बसले होते, कुणी बदलून नेईल म्हणून. आज लेक कॉलेजात जाते, नाक तर थेट ह्यांचं घेऊन आली आहे, आणि तरी कधीमधी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत बसतात. मी म्हणते, अहो, तुमचंच आहे ते, असलं नाक दुसरं कोण देणार!

ह्या स्वभावापायी आधीची नोकरी गेली. गोदामात होते. आपली हजेरी कोणीतरी कमी लावतंय असं ह्यांना वाटायला लागलं. मग ते वाटणं बोलायला लागले, मग साहेबांसमोर बोलले आणि मग घरी बसले. कितीतरी महिने बसले. ते महिने मी विसरणार नाही. ज्या संशयाला बाहेर आठ तास काम असायचं, तो सगळा घरात मोकळा सुटला. ‘फोन कुणाचा होता?’ ‘कपडे वाळत घालायला एवढा वेळ?’ ‘साखर एवढ्यात कशी संपली?’ मी माझ्याच घरात चोरासारखी वावरत होते. एकदा तर चहात साखर घालताना मी मागं वळून बघितलं, आणि मग स्वतःचाच असा राग आला की चमचा सिंकमध्ये आपटला.

म्हणून ते रक्ताच्या नमुन्यांचं काम मिळालं तेव्हा मला काय वाटलं ते कुणाला सांगून कळायचं नाही. छोट्या छोट्या दवाखान्यांतून रक्ताच्या बाटल्या गोळा करायच्या, थंड डब्यात ठेवायच्या आणि वेळेत लॅबमध्ये पोचवायच्या. ह्यांच्यासारख्या माणसाला तर हे काम बेतूनच शिवलेलं. प्रत्येक बाटलीवरचं नाव पुन्हा पुन्हा वाचणार, झाकण ओढून बघणार, बर्फ किती उरला ते बघणार. लॅबच्या डॉक्टरबाई खूश. अट एकच होती, मोटारसायकल स्वतःची पाहिजे. मग नवीकोरी घेतली. कंपनीची, वॉरंटीची, शोरूममधून.

आणि इथंच पाणी मुरायला लागलं.

गाडी घरी आली त्या दिवशी हे तिच्याभोवती फिरत होते आणि मला वाटलं, चला, हौसेनं बघताहेत. कसली हौस! लेकीच्या कपाटातली नेलपॉलिशची बाटली घेऊन खाली उकिडवे बसले आणि एकेका नटाला टिपका द्यायला लागले. टिपकाही असा, की अर्धा नटावर आणि अर्धा शेजारच्या धातूवर. लाल नेलपॉलिश. लेक वरून ओरडतेय, ‘बाबा, ती माझी नवीन आहे!’ आणि हे मान खाली घालून पुढच्या नटाकडे सरकताहेत.

“हे काय चाललंय?” मी विचारलं.

“सर्व्हिसिंगला दिली की नवे पार्ट काढून जुने घालतात,” हे हळू आवाजात म्हणाले. गाडी ऐकेल अशी भीती असावी. “आता नट फिरवला की खूण तुटलीच. लगेच पकडतो.”

“कोणता नट कशाचा, ते तरी माहीत आहे का तुम्हाला?”

“त्याची काय गरज? खूण तुटली की चोरी.”

पहिल्या सर्व्हिसिंगला काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. त्या शोरूममध्ये वर्कशॉपला मोठी काच आहे. गिऱ्हाइकानं काचेच्या अलीकडे बसायचं आणि पलीकडे काय चाललंय ते बघायचं. पण गाडी लिफ्टवर चढली की मेकॅनिकची पाठच दिसते. ह्यांनी काचेला नाक लावून सगळा वेळ काढला. गाडी बाहेर आल्यावर खाली वाकून बघितलं, तर बऱ्याच खुणा तुटलेल्या. झालं! काउंटरवर एक टाय लावलेला पोरगेला इसम असतो, गाडी लिहून घेणारा. ह्यांनी त्याची अशी हजेरी घेतली की बाकीची गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या तपासायला लागली. ‘हे का उघडलं? ते का सोडलं? माझ्या गाडीला हात लावलाच कसा?’ तो टायवाला म्हणतोय, अहो काका, सर्व्हिसिंग म्हणजे उघडायलाच लागतं, आणि हे म्हणताहेत, मला शिकवू नकोस. ही हकिगत हे घरी येऊन मोठ्या अभिमानानं सांगत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग बसून सगळ्या खुणा नव्यानं केल्या. लाल संपली होती म्हणून ह्या वेळी लेकीची जांभळी घेतली. लेक आठवडाभर बोलत नव्हती.

त्यानंतरच्या सर्व्हिसिंगहून हे शीळ घालत घरी आले. मी लग्न झाल्यापासून ह्यांची शीळ ऐकली नव्हती.

“बघ,” म्हणाले, “एकाही नटाला हात लावलेला नाही. सगळ्या खुणा जशाच्या तशा. घाबरतात आता मला.”

त्याच्या पुढच्या खेपेलाही तसंच. गाडी चकचकीत धुतलेली, टायवाला हसून चावी देतोय, खुणा शाबूत. हे इतके खूश होते की घरी येताना माझ्यासाठी फुलं आणली. फुलंही देठापासून तपासून घेतलेली होती, पण आणली. मीही म्हटलं, जाऊ दे, माणसाला एक जागा तरी विश्वासाची मिळाली. घरात शांतता होती. मी चहात साखर घालताना मागं वळून बघत नव्हते.

आणि मग एके दिवशी भर रस्त्यात, डब्यात रक्ताच्या बाटल्या असताना, गाडी खर्रकन आवाज करून थांबली. मागचं चाक फरफटत गेलं. हे पडता पडता वाचले. इंजिन जाम. ह्यांनी गाडी तशीच सोडली, डबा पोटाशी धरला आणि लॅबपर्यंत धावत गेले. बाटल्या वेळेत पोचल्या. डॉक्टरबाईंनी पाणी दिलं, कौतुक केलं, आणि मग म्हणाल्या, “गाडी सोमवारपर्यंत सुरू करा. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल, माझाही इलाज नाही.”

गाडी टेम्पोत घालून शोरूमला नेली. वॉरंटी होती, म्हणून आम्ही तसे निर्धास्त होतो. दुसऱ्या दिवशी हे गेले आणि परत आले ते चेहरा असा करून, की मी हातातली कणीक तशीच ठेवली.

“नाही म्हणाले.”

“का?”

“म्हणे इंजिन बाहेर उघडलंय. बाहेरच्या मेकॅनिककडे. म्हणून वॉरंटी बाद.” मग जवळ येऊन, डोळे बारीक करून, “मला वाटतं इंजिनच बदललंय त्यांनी. माझं नवीन काढून घेतलं आणि कुठलं तरी मोडकं बसवलंय.”

“पण खुणा?”

“खुणाही बदलल्या असतील.”

आता ह्याच्यावर काय बोलणार, कप्पाळ! म्हणजे तो टायवाला दुकानात जाऊन जांभळं नेलपॉलिश घेऊन आला आणि बसून टिपके देत होता म्हणायचं?

हे त्या दिवशी घरीच बसले. दुसऱ्या दिवशीही. दुपारी फोन वाजला, माझ्या बहिणीचा. मी बोलून ठेवला आणि आतून आवाज आला, “कुणाचा होता?”

खरं सांगते, इंजिनाचं मला काही वाटलं नव्हतं, नोकरीचंही एक वेळ निभावलं असतं. पण तो प्रश्न पुन्हा ह्या घरात आला, आणि तोच आवाज! ते महिने मी पुन्हा काढू शकले नसते. मी साडीचा पदर खोचला, चांगल्या चपला पायात घातल्या आणि म्हटलं, “उठा. मी येते बरोबर.”

शोरूमच्या वर्कशॉपची मॅनेजर एक बाई आहे, हे मला ह्यांनी सांगितलंच नव्हतं. माझ्याएवढीच असेल. केस घट्ट बांधलेले, खिशाला पेन, आणि नजर अशी की मला माझ्या नवऱ्याचीच आठवण झाली. आम्ही आत शिरलो तशी तिनं आधी आमच्या चपलांकडे बघितलं, मग हातांकडे, मग तोंडाकडे.

“मी कालच सांगितलंय,” ती म्हणाली. “रोज येतात लोक. कोपऱ्यावर इंजिन उघडून घेतात, बिघडवतात आणि मग तोंड वर करून वॉरंटी मागतात. तुमच्या गाडीवर नटानटाला जांभळ्या खुणा आहेत. आम्ही लावतो त्या पिवळ्या असतात. बाहेरच्या मेकॅनिकनं उघडताना केल्या असणार. मग हे कोणी केलं?”

“मला काय माहीत?” हे म्हणाले.

मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. अहो! आपलं गुपित शत्रूला कळायला नको म्हणून हा माणूस वॉरंटी बुडवायला निघाला होता!

“खुणा ह्यांनीच केल्यात,” मी म्हटलं. “आमच्या लेकीचं नेलपॉलिश आहे ते.”

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी किल्ल्याचा दरवाजा आतून उघडून दिलाय. आणि मॅनेजरबाईंनी तर आमच्या दोघांकडे असं बघितलं, जणू म्हणताहेत, ही जोडी कुठून आली? “नेलपॉलिश,” त्या म्हणाल्या. “बरं. आणि ते कशाला?”

आता सांगणं भागच होतं. “तुम्ही पार्ट चोराल म्हणून.”

काउंटरमागे टायवाला खोकला. मॅनेजरबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्याच, पण उठल्या. “चला,” म्हणाल्या, “बघूच.”

काचेपलीकडे जायला मिळालं म्हणून ह्यांचे डोळे इकडेतिकडे नुसते भिरभिरत होते. गाडी लिफ्टवर होती. शेजारी तो पाठमोरा मेकॅनिक. चाळिशीचा, अबोल, ह्यांना बघून एक पाऊल मागं सरकला. मॅनेजरबाईंनी एका नटावरची वाळलेली माती खरवडली, मग नखानं तो टिपका उकरून बघितला, वास घेतला. बाईच ती. नेलपॉलिश तिला कळणार नाही तर कुणाला कळणार!

“आहे खरं,” म्हणाल्या. “पण ही खूण अख्खी आहे. कुठंच तडा नाही.”

तेवढं ऐकलं आणि ह्यांना एकदम पंख फुटले. “मग! तेच तर सांगतोय! बाहेर उघडलं असतं तर तडा नसता गेला? हे बघा, हा बघा, हा पण बघा!” एकेक नट दाखवत सुटले. मग गाडीच्या पोटाखाली हात घालून, “आणि हा खालचा मोठा बघा. पहिल्या सर्व्हिसिंगनंतर मी जांभळी खूण केली, तेव्हापासून आजपर्यंत कुणी बोट लावलेलं नाही. माझी नजर आहे त्याच्यावर!”

खालच्या त्या मोठ्या नटावर मातीचा थर होता, थराखाली जांभळा रंग इंजिनाच्या गरमीनं तपकिरी पडलेला, आणि अख्खा. मेकॅनिकचा चेहरा मात्र पडला. मी तो बघितला. आम्हाला घरात चेहरे बघायची सवय आहे.

“हा नट कशाचा असतो हो?” मी त्याला विचारलं.

त्यानं मॅनेजरबाईंकडे बघितलं. “ऑइलचा.”

“जुनं तेल ह्याच्यातूनच काढतात ना?”

“हो.”

“दुसरीकडून नाही काढता येत?”

“नाही.”

मी ह्यांच्याकडे वळले. “अहो, तुम्ही दोनदा शीळ घालत घरी आलात, एकाही नटाला हात लावला नाही म्हणून. मग तेल कुठून बदललं?”

काचेपलीकडे टायवाला अचानक कुणाला तरी फोन लावायला लागला. मॅनेजरबाईंनी त्याला बोटानं आत बोलावलं. तो आला, पण मेकॅनिकच आधी बोलला. एकदा बोलायला लागल्यावर त्याचा बांध फुटला.

“मॅडम, ह्या साहेबांची गाडी आली की आम्हाला सांगितलेलं होतं, हिला हात लावायचा नाही. नुसती धुवायची आणि द्यायची. पहिल्या वेळी आम्ही नियमानं सगळं उघडलं, तेल बदललं, तर केवढा तमाशा केला ह्यांनी! चोर म्हणाले आम्हाला, सगळ्यांसमोर. मग ह्यानं,” त्यानं टायवाल्याकडे मान उडवली, “ह्यानं सांगितलं, जाऊ दे, त्यांना हात न लावलेली गाडीच पाहिजे तर तशीच द्या.”

“आणि बिलात तेलाचे पैसे मात्र लावले,” मॅनेजरबाई म्हणाल्या. टायवाला टायची गाठ सैल करत उभा राहिला. बाई इतक्या हळू आवाजात त्याला बोलल्या की मला शब्द ऐकू आले नाहीत, पण तो कानापर्यंत लाल झाला आणि माझ्या जिवाला जरा बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

हे मात्र गाडीच्या पोटाखालच्या नटाकडे बघत उभे होते. पहिल्यांदाच मला ह्यांची कीव आली. एवढी राखण केली, एवढी नजर ठेवली, आणि बघायचं काय तेच चुकलं. चोरी होतेय का ते बघत बसले आणि काम होतच नव्हतं. वर त्या न झालेल्या कामाला हा माणूस शीळ घालत होता.

मॅनेजरबाईंनी मग जास्त ताणलं नाही. “जुन्या तेलावर चालूनच इंजिन जाम झालंय. चूक आमची आहे,” म्हणाल्या. “इंजिन वॉरंटीत बसवून देते. आणि सोमवारी तुम्हाला चालवायला आमच्याकडची एक गाडी देते. तुमचं काम अडायला नको.” मग ह्यांच्याकडे वळून, “पण साहेब, तुम्हीही एकदा विचारलं असतंत, की कोणता नट कशाचा?”

नोकरी वाचली. मी ह्यांच्याकडे बघितलं, आता तरी तोंडावर समाधान दिसेल म्हणून. तर हे माझ्याकडे बघत होते. डोळे बारीक करून.

“तुला कुणी सांगितलं?” ह्यांनी विचारलं.

“काय?”

“तेलाचं. खालच्या नटाचं. तुला कसं कळलं? कुणी सांगितलं तुला?”

सगळ्यांसमोर. त्या मेकॅनिकसमोर, त्या बाईसमोर. माझे कान तापले. दुपारपासून मी ह्यांच्यासाठी धडपडतेय, आणि मी कुणाला सामील आहे ते हा माणूस शोधतोय! मला इतकं लागलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी आणखी मोठ्यानं बोलले.

“तुम्हीच सांगितलंत! घरी येऊन, दारात उभं राहून, फुलं हातात घेऊन तुम्हीच सांगितलंत, कुणी हात लावला नाही म्हणून. मी फक्त ऐकत होते. तुमचं बोलणं ह्या जगात मी एकटी ऐकते, ते तरी खरं धरा!”

मेकॅनिक फडकं घेऊन आधीच पुसलेला पाना पुसायला लागला. मॅनेजरबाईंनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, “चावी ठेवून जा. इंजिन यायला थोडे दिवस लागतील, गाडी इथंच राहील.”

बंद गाडी इथं पडून होती तरी चावी ह्यांनी कधीच कुणाकडे मुक्कामाला ठेवली नव्हती. मुठीत चावी घट्ट धरली होती, बोटं पांढरी पडली होती. त्यांनी बाईंकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, टायवाल्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि अगदी हळू, मला एकटीला ऐकू येईल असं विचारलं, “ठेवू?”

लग्नाला इतकी वर्षं झाली. दूध कुठलं घ्यावं इथपासून लेकीला कुठल्या शाळेत घालावं इथपर्यंत ह्यांनी मला विचारून कधी काही केलं नव्हतं. आज विचारत होते. आणि विचारून वाट बघत होते, मी म्हणेन ते करायला.

“ठेवा,” मी म्हटलं.

ह्यांनी चावी बाईंच्या हातावर ठेवली आणि काही न तपासता बाहेर पडले. मी मागोमाग निघाले. मला आनंद व्हायला हवा होता. ह्या एका प्रश्नासाठी मी किती वर्षं थांबले होते. पण रस्त्यावर येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, की हा माणूस आज अचानक मला विचारतोय, तर ह्याच्या मनात नक्की काय असेल?